अल्लाच्या दारात वशिला

आमच्या निंबळगावात लग्न ठरलं की हळदीच्या आधी जैतूनचाचीला निरोप जातो. ती येते, अंगणात पोतं अंथरून बसते आणि नवरीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेते. "हात ढिला सोड गं, मुठीत काय लपवलंय?" असं म्हणत बोटांची हाडं अशी दाबते की बांगडी कधी आत गेली ते पोरीला कळतही नाही. माझ्या हातात तिनेच बांगड्या भरल्या. शेवटची बांगडी चढली की ती वर बघून काहीतरी पुटपुटते. लहानपणी मी विचारलं होतं, काय म्हणतेस गं?

"त्याला सांगितलं, पोरीचं हात असंच भरल्यालं ऱ्हाऊ दे."

त्याला म्हणजे अल्लाला. तिचं त्याच्याशी बोलणं असंच असायचं. नमाज ती पढायचीच, राजूरच्या बाजारात दुकान मांडलेलं असलं तरी मागे पोतं घालून पढायची. पण ते सोडूनही दिवसभर तिची कुरकुर चालू. एस. टी. चुकली की "बघ रे, आता चालत जाऊ का?" एखादं गिऱ्हाईक माप बघून बघून न घेता उठलं की "ह्या बाईला तूच बघ." जणू तो शेजारीच भाजी घेऊन बसलाय. घरात ती आपल्या दखनीत बोलायची, बाहेर आमच्यासारखीच. मी सगळं मराठीतच सांगते.

तिचा नवरा बाबूलाल सायकलीवरून डोंगरातल्या वाड्यांवर बांगड्या विकायचा. तो लवकर गेला. मुलगा अकील तेव्हा शाळेत होता आणि सासू रसूलबी अंथरुणाला खिळलेली. चाचीने टोपली उचलली ती अजून खाली ठेवलेली नाही. अकील मोठा झाला, पिकअप चालवायला लागला, टोमॅटो-कांदा पोचवायला लागला. त्याला बेलापूरची मुलगी केली, तस्लीम. बारीक, हसरी, दहावी शिकलेली पोर. चाची तिला बाजाराला घेऊन जायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "माजा हात आता थरथरतो, हिचा बघा कसा लोण्यावानी चालतो."

पहिल्या बाळंतपणानंतर तस्लीमला झटके यायला लागले. डोळे वर जायचे, दात आवळले जायचे, अंग लाकडासारखं व्हायचं. मुलगी मांडीवर असताना एकदा आला, तेव्हा चाचीने ओरडून गल्ली गोळा केली. संगमनेरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. एक दिवससुद्धा नाही.

स्टँडसमोर माझं मेडिकल आहे. गोळ्या माझ्याकडूनच जायच्या. अकील यायचा, गाडी चालू ठेवूनच खिडकीतून हात करायचा, मी पाकीट द्यायची. मग तो यायचा थांबला. मला वाटलं, संगमनेरहूनच घेत असेल. बरेच दिवस गेले आणि एक दिवस चाची डोक्याला लावायचा बाम घ्यायला आली.

"तस्लीमच्या गोळ्या तुम्ही संगमनेरहून आणता का हल्ली?" मी विचारलं.

"तुज्याकडनंच तर नेतो अकील."

"नाही नेत, चाची. दिवाळीपासून नाही."

तिने बामची डबी काउंटरवर ठेवली. "अगं, मला म्हनला डॉक्टरनं औषध बदललं. दर जुम्मेरातीला तिला घेऊन जातो, म्हनतो तपासायला." मग तिचा आवाज खाली आला. "तिचं डोळं लाल असत्यात, दीपा. मी म्हनलं झोप न्हाई."

जुम्मेरात म्हणजे गुरुवार, आणि संगमनेरचे डॉक्टर गुरुवारी दवाखाना बंद ठेवतात हे मला माहीत होतं. गुरुवारी दुसरीकडे कुठे गर्दी असते हेही सगळ्या गावाला माहीत होतं. धरणाच्या रस्त्याला दूध संकलनाची जुनी पत्र्याची शेड आहे. तिथे वर्षभरापूर्वी एक माणूस येऊन बसला होता. कुठला, कोणाचा, कुणाला ठाऊक नव्हतं. अंगात पांढरा झब्बा, डोक्याला हिरवा फेटा, बोटांत खड्यांच्या अंगठ्या. लोक त्याला ‘सरकार’ म्हणायचे. त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होते: बाई घुमते आहे, सरकार फुंकर मारतात, बाई शांत होते, खाली गाणं वाजतंय. सरकार पैसे घेत नाहीत, हे लोक फार कौतुकाने सांगायचे. हिंदू जायचे, मुसलमान जायचे, आमच्या आळीतली धनश्री नवऱ्याची दारू सुटावी म्हणून जाऊन आली होती.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मी दुकान बंद केलं आणि चाचीला स्कूटीवर मागे बसवून शेडवर गेले. अकीलची पिकअप बाहेर उभी होती. तो तिच्याजवळ मोबाईल बघत होता. आईला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"अम्मा, तू कशाला..."

चाची त्याच्याकडे न बघता आत गेली.

आत धूर होता. डोळ्यांत पाणी आणणारा, घशात बसणारा धूर. निखाऱ्यांवर सुक्या मिरच्या टाकल्या होत्या. समोर तस्लीम बसली होती. दोन बायकांनी तिचं डोकं धरून त्या धुरावर वाकवलं होतं. ती खोकत होती, आणि ती खोकली की जमलेले लोक म्हणत होते, "बघा, बोलतोय, आतला बोलतोय."

चाचीने त्या बायकांचे हात असे झटकले की एक मागे पडलीच. तिने तस्लीमला ओढून पदराने तिचं तोंड पुसलं. मी माझ्याकडच्या बाटलीतलं पाणी तिच्या डोळ्यांवर मारलं.

सरकार गादीवर बसले होते, जराही हलले नाहीत. "कोण ही बाई?"

"हिची सासू."

"सासू आहेस तर ऐक. हिच्यात जी गोष्ट बसलीये ती गोळ्यांना भीत नाही. गोळ्या मीच बंद केल्यात."

"माज्या सुनेसाठी मी अल्लाकडं मागते," चाची म्हणाली. "रोज मागते. अन् डॉक्टरच्या गोळ्याबी देते. तू कोन मधी?"

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "तू मागतेस? तुझ्यासारख्या गुन्हेगार माणसाची दुआ पहिल्या आभाळाच्या वर जात नाही, अम्मा. बादशहाला भेटायचं तर वजीर लागतो. मध्ये वसीला लागतो. तो वसीला मी आहे. मला सोडून मागशील तर हवेत बोलतेयस असं समज."

लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, आता चाची त्याची गादी ओढेल. पण ती मागे वळली. तिने तस्लीमला काखेत धरून बाहेर आणलं. अकीलच्या गाडीत बसवलं नाही. आम्ही तिघी स्कूटीवर बसून आलो, तस्लीम मधे.

घरी तस्लीमला झोपवून ती ओट्यावर बसली. म्हणाली, "दीपा, खरं असंल का गं ते?"

"काय?"

"की वर जात न्हाई. इतकी वर्सं मी त्याच्याशी बोलते. त्यानं ऐकलंच नसंल तर?"

मला भयंकर चीड आली. त्या माणसाने डोळ्यांत मिरची घातली ती तस्लीमच्या. पण या बाईच्या हातातून त्याने काय काढून घेतलं होतं! साठीची बाई, आयुष्यभर ज्याच्याशी कुरकुर केली तो आपल्याला ऐकतच नव्हता की काय, या विचाराने ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, "मला तुमच्यातलं काही कळत नाही. आमच्याकडे सरकारी कामाला वशिला लागतो. देवाकडेही लागत असेल तर मग देव आणि तलाठी यांत फरक काय?"

तिने मान वर केली. "व्हय," ती म्हणाली, "शबूद तोच हाय की. वसीला, वशिला." आणि उठली. "चल मौलानाकडं."

मशिदीचे मौलाना इद्रीस तरुण होते, पाथर्डीकडचे. बायको-मुलं तिकडेच. इथे मशिदीलगतच्या खोलीत राहायचे, दुपारी मुलांना अरबी शिकवायचे. आम्ही दारात उभ्या राहिलो. त्यांनी मुलांना सुट्टी दिली आणि उंबऱ्याच्या आत खाली बसले. चाचीने शेडवरचं सगळं सांगितलं. धुराचं ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मला एकच सांगा," चाची म्हणाली. "माजी दुआ वर जाते का न्हाई?"

"अम्मा, तुमच्यात आणि अल्लात कुणीही नाही. तो मानेच्या नसेपेक्षाही जवळ आहे, असं आपण मानतो. जो इतका जवळ आहे त्याच्यापर्यंत पोचायला कुणाची शिडी लागते?"

"मग तो वसीला म्हनतो ते काय?"

"शब्द आपल्यातलाच आहे. वसीला म्हणजे जवळ जायचं साधन. पण ते साधन काय, हे त्या माणसानं ठरवायचं नाही. त्याला त्याच्या नावांनी हाक मारा, हा एक वसीला. आजार आहे तर ‘या शाफी’ म्हणा, म्हणजे बरं करणाऱ्या. दया हवी तर ‘या रहमान’. दुसरं, आपण एखादं चांगलं काम केलेलं असतं, लोकांना दाखवायला नाही, फक्त त्याच्यासाठी. ते त्याच्यापुढे ठेवायचं आणि म्हणायचं, हे तुझ्यासाठी केलं असेल तर माझं एवढं ऐक. आणि एखादा हयात असलेला नेक माणूस असेल तर त्याला म्हणायचं, माझ्यासाठी दुआ कर. पण तोही मागणार अल्लाकडेच. तो देणारा नाही. आणि त्यानं मागितलं म्हणून तुमचं मागणं बंद, असंही नाही."

"अन् गुन्हेगारानं मागितलं तर?"

"गुन्हेगारानं नाही मागायचं तर कुणी मागायचं? तौबा गुन्हेगारच करतो ना?"

मला वाटलं, आता चाचीचा जीव निवेल. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर तसं आलंही. मग भुवया जवळ आल्या.

"हे तुमाला ठावं हुतं?"

"हो."

"तो माणूस तिथं बसतो तेबी ठावं हुतं?"

मौलानांनी होकारार्थी मान हलवली.

"दर जुम्म्याला तुमी मायकावर बोलता. नमाजाआधी वजूला हातपाय कसं धुवावं, पायजमा घोट्याच्या किती वर असावा, सगळं सांगता. दीपाच्या दुकानातबी ऐकू येतं. अन् माज्या सुनंला मिरच्यांची धुरी देत्यात, तिच्या गोळ्या बंद करत्यात, त्याच्यावर एक शबूद न्हाई? अकील दर जुम्म्याला तुमच्याम्होरंच बसतो! तुमी बोलला असता तर तो गेला असता का तिकडं?"

"अम्मा, शेडची जागा सदरसाहेबांच्या मेव्हण्याची आहे. सदरसाहेब स्वतः तिथे जातात. मी इथे नोकर आहे."

सदर म्हणजे मशीद कमिटीचे अध्यक्ष. गावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे.

"नोकर कुनाचा?" चाचीने विचारलं.

ते उठले. खाली मान घालून मुलांच्या पाट्या गोळा करत राहिले. चाचीने चपला घातल्या. जाताना एवढंच म्हणाली, "तो चोर हाय, त्याचा राग येतोच. पर तुमाला रस्ता ठावा असून तुमी गप बसला, तुमचा राग जास्ती येतो मला."

गोळ्या मी त्याच दिवशी सुरू करून दिल्या असत्या, पण इतके दिवस बंद असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायला मी धजले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरलं. सकाळी चूल पेटवता पेटवताच तस्लीम कोसळली. या वेळी झटका थांबेना. एक संपतो तोच दुसरा. अकीलने तिला पिकअपमध्ये घातलं आणि आम्ही संगमनेरच्या रस्त्याला लागलो. मागे हौद्यात चाची तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन अकीलला विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? त्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "ती जगली तर तिच्या पाया पड. आणि त्या माणसाचं नाव मला लिहून दे." अकील भिंतीला टेकून खाली बसला.

दुपार झाली होती. व्हरांड्यात ऊन आलं होतं. चाचीने तोंड-हात धुतले, एका कोपऱ्यात पदर डोक्यावर घेऊन बसली. मी तिच्या शेजारी होते. ती आधी "या शाफी, या शाफी" म्हणत राहिली. मग बोलायला लागली, नेहमीसारखं, शेजाऱ्याशी बोलावं तसं, फक्त आवाज फुटत होता.

"मौलाना म्हनतो, चांगलं काम म्होरं ठेव. काय ठेवू? सासूची सेवा ठेवावी म्हनते. समदं गाव म्हनतं, जैतूननं रसूलबीचं लई केलं. पर तुला खोटं कसं सांगू? निम्मं लोकांसाठी केलं, लोक नावं ठेवतील म्हनून. निम्मं चिडून केलं. तिनं मला उभा जलम शिव्या दिल्या, मी बी मनातनं दिल्या. त्यातलं काय तुजं म्हनू?"

आतून कुणी नर्स धावत गेली.

"एक दिवस हाय. तिनं आमटीची वाटी माज्या तोंडावर फेकली. घरात कुनी न्हवतं. अकील शाळंत. मला वाटलं, पडू दे हिला अशीच घाणीत, दार लावून बाजाराला जावं. मी टोपली उचलली. उंबऱ्याच्या भाईर पाय टाकला. कुनाला कळलं नसतं. ती तर बोलायची बी न्हाई, तिची जीभ गेल्ती तवा. मग मी माघारी फिरले. तिला धुतलं, चादर बदलली, परत भात कालवला अन् भरवला. त्या दिवशी मी चिडले न्हवते. का न्हवते ते बी ठावं न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई, आज ही दीपा ऐकती तेवढीच. तो दिवस तुजा हुता. बाकी समदं सोड, तेवढा एक धर. अन् ही पोर मला दे. परक्याची लेक हाय ती, मी तिच्या आयला काय सांगू?"

मी उठून नळावर गेले.

संध्याकाळच्या आत झटके थांबले. तस्लीम दोन-तीन दिवस गुंगीत होती, मग तिने डोळे उघडून मुलीला मागितलं. गोळ्यांचं पाकीट हातात देताना डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं. चाचीने ते पाकीट अकीलला दिलं नाही, आपल्या कमरेच्या बटव्यात घातलं. "दुआबी त्याचीच अन् गोळीबी त्याचीच," ती अकीलला म्हणाली. "गोळी नको म्हनून त्यानं कुटं सांगितलंय? कुनी सांगितलं तुला?"

ते घरी आल्यावर काही दिवसांनी मी तस्लीमचा रक्तदाब बघायला गेले होते. तस्लीम खाटेवर बसून मुलीला पाजत होती. चाची खाली लसूण सोलत होती. ती एकदम म्हणाली, "तस्लीम, ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या दुआला आडपडदा नसतो म्हनत्यात. माज्यासाठी मागशील का?"

"काय मागू, अम्मा?"

"मला माफ कर म्हनून. तू माज्या घरात, माज्या डोळ्याम्होरं, अन् मला कळलं न्हाई."

तस्लीमने मुलीला या अंगावरून त्या अंगावर घेतलं. तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. "तुमच्यासाठी मागीन. पण त्यांच्यासाठी नाही," तिने दाराकडे बोट केलं. बाहेर अकील गाडी धूत होता. "मी त्यांना सांगत होते, मला आग होते, मला नेऊ नका. ते बाहेर उभे राहून मोबाईल बघायचे. आधी त्यांनी माझ्यापुढे तोंड उघडावं."

पाण्याचा आवाज थांबला. अकील ओल्या हातांनी दारात आला. "मला वाटलं, लवकर बरी होशील," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, कदाचित वर्षानुवर्षं गोळ्या. लोक म्हणतील, फिट येणारी बायको केली. मुलीच्या लग्नालाही आडवं येईल. सरकार म्हणाले, चाळीस दिवसांत..."

"लोकांची भीती तुम्हाला, आणि धूर माझ्या डोळ्यांत?" तस्लीम म्हणाली.

तो आत आला. मग खाटेच्या पायथ्याशी बसला आणि रडला. तस्लीमने त्याला जवळ घेतलं नाही. पण उठून जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला पोलिसात जायचंय. तुम्ही गाडी काढा. जे पाहिलं ते तुम्हीही सांगा."

ती स्वतः गेली. जादूटोणा विरोधी कायदा आहे हे तिला शाळेत सांगितलेलं आठवत होतं. ठाण्यात तिने धुराचं, गोळ्यांचं, डोकं धरणाऱ्या बायकांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कागद दिला. अकीलनेही जबाब दिला, अडखळत, पण दिला. गुन्हा नोंदला गेला आणि शेडला कुलूप लागलं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी, जुम्म्याला, मौलाना बोलले. मशीद माझ्या दुकानाच्या मागच्या बाजूला आहे, भोंग्यावरून शब्द न् शब्द ऐकू येतो. चाची काउंटरला हात टेकून उभी होती. सुरुवातीला त्यांचा आवाज कापत होता. मग सावरला. वसीला म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला सांगितलं होतं तसंच सांगितलं. वलींच्या, म्हणजे संतांच्या, कबरीवर जा, त्यांच्यासाठी दुआ करा, त्यांच्यासारखं वागा, पण मागायचं ते मालकाकडे, असं म्हणाले. जो स्वतःला अल्ला आणि बंद्याच्या मध्ये उभा करतो तो रस्ता दाखवत नाही, रस्ता अडवतो. आणि जो आजाऱ्याचं औषध बंद करतो त्याला तिथे जाब द्यावा लागेल.

"नाव घे की!" चाची काउंटरवर हात आपटून म्हणाली. "नाव घ्यायला काय झालं?"

नाव त्यांनी घेतलं नाही. पण मशिदीतल्या प्रत्येकाला ते कळलं, सदरसाहेबांना सगळ्यात आधी. पंधरवड्यातच कमिटीने मौलानांना दुसरीकडे जागा बघायला सांगितलं. कारण दिलं की मुलांचं शिकवणं नीट होत नाही.

हे ऐकल्यावर चाची सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी मागून पोचले तेव्हा सदर म्हणत होते, "बाई, मशिदीच्या कारभारात बायकांचं काय काम? आम्ही कधी तुमच्या घरच्या भानगडीत पडलो का?"

"पडायला पायजे हुतं!" चाची ओरडली. "तेच तर तुमचं काम हुतं! माज्या घरात आग लागली अन् तुमी त्या आगीवर मिरच्या टाकणाऱ्याला जागा दिली. तो मौलाना उशिरा का व्हईना, बोलला. त्याला हाकलता? अन् तुमी पहिल्या रांगंत नमाजला उभं ऱ्हाता? कुनासाठी उभं ऱ्हाता? त्याच्यासाठी का आमी बघावं म्हनून?"

सदरांनी वजनकाट्यावरचे खिळे पुन्हा पुन्हा मोजल्यासारखं केलं. गिऱ्हाइकांपैकी कुणी चाचीच्या बाजूने बोललं नाही. एक म्हातारा फक्त काही न घेता दुकानातून उतरला आणि चालता झाला.

मौलाना गेले त्या दिवशी एस. टी. स्टँडवर आम्ही होतो. एक पेटी, एक वळकटी, एवढंच सामान. चाचीने कागदात गुंडाळलेल्या बांगड्या पुढे केल्या. "तुमच्या बायकोला. माप ठावं न्हाई मला."

त्यांनी लाजत अंगठा आणि बोट जुळवून गोल करून दाखवला. चाचीने कागद सोडून त्यातल्या निम्म्या काढून घेतल्या, पिशवीतून दुसऱ्या घातल्या.

"अम्मा, माझ्यासाठी दुआ करा," ते म्हणाले. "मी वेळेवर बोललो असतो तर तस्लीमला इतकं सोसावं लागलं नसतं."

"करीन," चाची म्हणाली. "पर राग गेला न्हाई माजा अजून."

"राहू दे. जाऊ देऊ नका."

ते आता शेवगावकडे एका लहान मशिदीत आहेत. नवे मौलाना आले आहेत, ते वजूवर फार छान बोलतात. तस्लीमला अजून एखाददुसरा झटका येतो, पण ती पुन्हा राजूरच्या बाजाराला जायला लागली आहे. अकील गोळ्या न्यायला येतो तेव्हा आता गाडी बंद करतो, खाली उतरतो.

खटला चालू आहे. तारखेला आम्ही जातो, बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊन येतो. सरकार जामिनावर सुटले. ते आता दुसऱ्याच जिल्ह्यात बसतात म्हणे, व्हिडिओ तसेच येतात, फक्त मागची भिंत बदललेली असते. मागच्या तारखेला ते कोर्टाच्या जिन्यात आम्हाला दिसले. फेटा नव्हता, साधा शर्ट होता, सोबत वकील. चाचीला बघून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाले, "अम्मा, जे झालं ते झालं. दुआमध्ये आठवण ठेवा."

"ठेवते की," चाची म्हणाली. "रोज ठेवते. तू तुरुंगात जावंस म्हनून रोज मागते. मधी कुनालाबी न घालता."

वकिलाने त्याला घाईघाईने वर नेलं. तस्लीमने चाचीचा हात धरला. आमची तारीख त्या दिवशीही पुढे ढकलली गेली, आणि आम्ही बाहेर येऊन अकील गाडी कुठे लावून बसलाय ते शोधायला लागलो.